उरलेल्या हॉट क्रॉस बनांचं काय करायचं? (पुडिंग सोडून सांगा)

चैत्रपालवी
ईस्टर संपला की इथे बर्मिंगहॅममध्ये सुपरमार्केटवाले हॉट क्रॉस बन अगदी मातीमोल भावाने काढून टाकतात. सोमवारी संध्याकाळी नवऱ्याला दूध आणायला पाठवलं, तर गडी पिवळ्या स्टिकरची पाच पाकिटं घेऊन हजर, दूध नाहीच. वर "अगं, काय स्वस्त होते!" आता पहिल्या दिवशी मधून कापून, भाजून, भरपूर लोणी लावून सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले, दुसऱ्या दिवशीही खाल्ले, आता मुलं पाकीट दिसलं की खोलीतून काढता पाय घेतात.

ज्यांनी खाल्ला नसेल त्यांच्यासाठी: हा गोडसर, मऊ, दालचिनी-जायफळाच्या वासाचा बन असतो, आत मनुका, बेदाणे आणि संत्रं-लिंबाच्या साखरेत मुरवलेल्या सालीचे तुकडे, वरून चकचकीत, आणि डोक्यावर पांढरा क्रॉस. इंग्लंडात मूळचा गुड फ्रायडेचा.

ब्रेड-बटर पुडिंग करून झालंय, ते सांगू नका प्लीज. तिखटमिठाचं काही होईल का? दुसरी अडचण म्हणजे सासूबाई आल्यात, त्या अंडं खात नाहीत.

कटिंगचहा
चहात बुडवा, खा. धागा बंद करा.

मिसळराव
मिसळीबरोबर द्या की!
नको नको, गंमत केली. आमच्या कोल्हापुरात मिसळीसोबत मनुकावाला पाव ठेवला तर गिऱ्हाईक ताट सरकवून शेजारच्या हॉटेलात जाईल. पण तो वरचा क्रॉस कशाचा असतो? साखरेचा?

चैत्रपालवी
@मिसळराव नाही हो, मैदा आणि पाण्याची घट्ट पेस्ट. भट्टीत जायच्या आधी मेंदीच्या कोनासारख्या कोनाने रेघा ओढतात. चवीला शून्य. चमक येते ती बाहेर काढल्यावर गरम बनावर साखरेचा पाक किंवा जर्दाळूचा जॅम पातळ करून फिरवतात त्याची.

अनुजा_मेलबर्न
तुमच्याकडे निदान ईस्टरनंतर उरतात. आमच्याकडे ख्रिसमसचं झाड घरात उभं असतानाच दुकानात हॉट क्रॉस बन लागतात आणि दरवर्षी त्यावर पेपरात तीच कुरकुर छापून येते, आणि तीच कुरकुर करणारे आम्ही जानेवारीतच दोन पाकिटं उचलतो. इथे व्हेजिमाइट-चीजचेसुद्धा निघाले होते. व्हेजिमाइट म्हणजे यीस्टपासूनची काळी खारट पेस्ट, जास्त काही विचारू नका, ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर खावं. तुमचं तिखटमिठाचं स्वप्न तसं सत्यात उतरलंय, पण मला ते झेपलं नाही.

बाकी माझा सल्ला एकच: फ्रीझर. आडवे कापून मगच ठेवा म्हणजे गोठलेलेच थेट टोस्टरमध्ये टाकता येतात. अख्खे ठेवले की सकाळी सुरी घेऊन दगडाशी झुंज. पाच पाकिटं आत्ताच संपवायची सक्ती कुठाय?

चैत्रपालवी
@अनुजा फ्रीझरमध्ये सासूबाईंनी आणलेल्या पुरणपोळ्या आहेत. त्यांना हात लावायची कोणाची टाप नाही.

बेकरवडी
(पुण्यात छोटी बेकरी आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.)
अनुजा म्हणतात ते बरोबर, फ्रीझर चालतो, पण कृपा करून फ्रिजमध्ये ठेवू नका. बरेच जण ठेवतात आणि मग म्हणतात बन वाळला. पाव शिळा होतो तो नुसतं पाणी उडून नाही होत. भाजताना मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो, आणि थंड झाला की त्याचे कण पुन्हा एकमेकांना घट्ट बिलगायला लागतात, म्हणून पाव कडक आणि भुसभुशीत लागतो. हे काम फ्रिजच्या थंडाव्यात, शून्याच्या जरा वर, सगळ्यात जोरात चालतं. बाहेर सावकाश होतं. पार गोठवला तर जवळजवळ थांबतंच. आणि साठ अंशांच्या वर गरम केलं की ती मिठी सुटते, म्हणून शिळा पाव भाजला की तेवढ्यापुरता ताजा वाटतो. पण गार झाला की पुन्हा कडक, तेव्हा लगेच खायचा.

तुमच्या बनांवर पाण्याचा हलका हबका मारा, फॉइलमध्ये गुंडाळा, १८० अंशांवर सातआठ मिनिटं. मायक्रोवेव्ह केलाच तर ओल्या फडक्यात पंधरावीस सेकंदच, जास्त झाला तर चामडं. आणि टोस्टरमध्ये नीट लक्ष ठेवा, मनुका बाहेर डोकावत असेल तर ती आधी जळते आणि चिकटून बसते, मग आठवडाभर प्रत्येक ब्रेडला तोच करपट वास.

बुरशी दिसली तर मात्र "तेवढा भाग काढून" वगैरे नको. मऊ पावात ती आतवर गेलेली असते. पूर्ण टाकायचा.

लंडनचा_पोपट
बुरशी म्हणालात म्हणून. इथली जुनी समजूत अशी की गुड फ्रायडेला भाजलेल्या बनाला बुरशीच धरत नाही. एक बन स्वयंपाकघरात टांगून ठेवायचे म्हणजे घराला आग लागत नाही, खलाशी जहाजावर न्यायचे म्हणजे जहाज बुडत नाही, आणि पोट बिघडलं की तोच वर्षभराचा बन किसून पाण्यातून द्यायचे! म्हणजे शिळ्या बनांचा सर्वात क्रिएटिव्ह उपयोग इंग्रजांनी आधीच करून ठेवलाय.

पूर्व लंडनमध्ये बो भागात 'द विडोज सन' नावाचा पब आहे. कथा अशी सांगतात की तिथे एक विधवा राहायची, तिचा खलाशी मुलगा गुड फ्रायडेला येतो म्हणाला होता, माझ्यासाठी बन ठेव म्हणाला. तो आलाच नाही. ती दरवर्षी एक बन ठेवत राहिली. पुढे त्या जागेवर १८४८च्या सुमारास पब झाला आणि ती रीत चालू राहिली, गुड फ्रायडेला नौदलाचा एक खलाशी येऊन बारवर टांगलेल्या जाळीत नवा बन टाकायचा. वर काळेठिक्कर पडलेले जुने बन लोंबायचे आणि खाली लोक बिअर प्यायचे.

कटिंगचहा
पोपटराव, हा उपाय छान आहे. चैत्रपालवी, छताला जाळी लावा, पाच पाकिटं वर. नवऱ्यालाही त्यातच ठेवा.

चैत्रपालवी
@कटिंगचहा नवऱ्याने वाचलं. दूध आणायला गेलाय.

तुपाळ
ताई, बनाचं पाकीट सासूबाईंना दाखवण्याआधी मागची यादी वाचा. अंडं नसतं बऱ्याच ब्रँडमध्ये पण ई-४७१ नावाचं इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) असतं, ते वनस्पतीचंही असू शकतं आणि प्राण्यांच्या चरबीचंही. 'शाकाहाऱ्यांसाठी योग्य' असं छापलेलं असेल तर प्रश्न मिटला.

आता माझी सूचना: लाडू! शिळ्या पोळीचा लाडू करतो तसाच. बन हाताने कुस्करून ट्रेवर पसरा, ओव्हन १२०वर ठेवून अर्धा तास, मधे एकदा हलवा, पूर्ण कोरडा व्हायला हवा. मग मिक्सरला फिरवायचा पण त्याआधी मनुका वेचून बाजूला काढा, नाहीतर पात्यांना चिकटून त्याचा चिखल होतो. चार बनांच्या चुऱ्याला दोन मोठे चमचे तूप, त्यात चुरा मंद गॅसवर खमंग परता, मग दोन चमचे चिरलेला गूळ आणि मूठभर दाण्याचं किंवा बदामाचं कूट. गूळ नेहमीपेक्षा निम्मा, कारण बन आधीच गोड. पाक नाही करायचा, गूळ नुसता वितळला की उतरवायचं. वेचलेल्या मनुका परत घाला आणि गरम असतानाच वळा. वेलची घालायची नाही, बनातच दालचिनी, जायफळ, लवंग असते, सगळं एकत्र आलं की भांडतं.

मिसळराव
लाडवावर क्रॉस काढणार की नाही?

वसईकर
ह्या बनांना आपण परदेशी म्हणतोय पण वांद्र्याच्या बेकऱ्यांत गुड फ्रायडेच्या आठवड्यात हे मिळतात, सकाळी रांग असते, दुपारी गेलात तर "उद्या या". माझी मावशी वांद्र्याला असायची, ती वसईला येताना पिशवीभर आणायची. त्यामुळे "उरलेले हॉट क्रॉस बन" हा प्रकार आमच्या घरी कधी पाहिलाच नाही, जरा जळल्यासारखं झालं वाचून.

बाय द वे इथल्या स्वस्तातल्या बनांत त्या संत्र्याच्या सालीऐवजी टूटीफ्रूटी सापडते. टूटीफ्रूटी म्हणजे शेवटी कच्ची पपई आणि रंग. तीही चालते मला.

मावशीच्या हातून दोनचार सुटलेच तर ती त्यांच्या बोटाएवढ्या जाड चकत्या करून तव्यावर मंद आचेवर वाळवायची, अगदी कडक, बेकरीच्या टोस्टसारख्या. डब्यात भरून ठेवायची. चार वाजताच्या चहाला. @कटिंगचहा तुमचाच उपाय पण जरा कष्ट घेऊन.

झकास_नाशिक
एवढं काय डोकं लावताय, कुत्र्याला घाला, पक्ष्यांना घाला, पुण्य मिळेल.

मोत्याची_आई
@झकास_नाशिक नाही!!! कुत्र्याला अजिबात नाही. मनुका, बेदाणे, द्राक्षं कुत्र्यांना विषारी आहेत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होईल ते सांगता येत नाही, एखाद्याला थोड्याच मनुकांनी होतं, एखादा पचवतो. लहानमोठा कुत्रा असा हिशोब करत बसू नका. चुकून खाल्ला तर उलटी-सुस्ती दिसायची वाट न बघता लगेच व्हेटला फोन. हे बन खालच्या फळीवर ठेवू नका, टेबलाच्या कडेला नको. चॉकलेटवालेसुद्धा तितकेच वाईट.

झकास_नाशिक
बाप रे. माहीत नव्हतं. शब्द मागे.

लेस्टरकाका
पोरी, तुला तिखटमिठाचं हवंय ना, मग दाबेली कर.

हसू नका. नीट ऐका. दाबेलीचा मसाला काय असतो? धने, दालचिनी, लवंग, मिरी, सुकी मिरची, बडीशेप. ह्या बनात काय असतं? दालचिनी, लवंग, जायफळ, कधी धने. अर्धे नातेवाईक तेच. शिवाय दाबेलीत आपण डाळिंबाचे दाणे, द्राक्षं, गोड चटणी हे सगळं घालतोच की. मग मनुकेचं काय एवढं वावडं? आमच्या लेस्टरमध्ये शेजारी सगळे गुजराती, एक बेन कच्छमधल्या मांडवीच्या, दाबेलीच्या माहेरच्याच म्हणायच्या. त्यांना मी हे पहिल्यांदा खिलवलं तेव्हा त्यांनी दुसरी मागून घेतली, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला नको.

कृती अशी. बटाटे उकडून कुस्करून घे. तेलात दाबेली मसाला जरासा परतून त्यात बटाटा, मीठ, थोडं पाणी, सारण मऊसर राहिलं पाहिजे, कोरडं झालं की घशाला बसतं. चिंच-खजुराची चटणी नेहमीच्या निम्मी, आणि लिंबू पिळ. लसणाची लाल चटणी मात्र हात सैल सोडून लाव, सगळी गंमत तिथेच आहे. बन आडवा काप पण एका बाजूला जोडलेला ठेव. आत चटण्या, सारण, मसाला शेंगदाणे, डाळिंब, बारीक कांदा. बाहेरून लोणी लावून तव्यावर मंद आचेवर दाबून भाज, मोठ्या आचेवर नको, वरची साखर दोन मिनिटांत काळी होते. शेवटी कडा शेवेत लोळव.

आणि सासूबाईंना अंड्याचं पथ्य असेल तर तुमच्याच गावचा एक माणूस आठवतो. आल्फ्रेड बर्ड. बर्मिंगहॅमचा केमिस्ट, त्याच्या बायकोला अंडी सोसत नसत म्हणून त्याने १८३७मध्ये कॉर्नफ्लोअरवर आधारलेली बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली. बर्मिंगहॅमच्या डिगबेथ भागात तो जुना कारखाना अजून 'कस्टर्ड फॅक्टरी' म्हणूनच ओळखला जातो, आता आत दुकानं-ऑफिसं. त्या पावडरीचं पातळ कस्टर्ड अर्धा लिटर करून चार बनांच्या कापांवर ओतायचं, वीस मिनिटं मुरू द्यायचं, ओव्हनमध्ये १७०वर अर्धा तास.

चैत्रपालवी
काका दाबेली उद्याच करते! पण शेवटचा परिच्छेद म्हणजे गुपचूप पुडिंगच की हो :)

लेस्टरकाका
वयाचा फायदा घेतला.

बेकरवडी
काकांच्या दाबेलीला माझा पाठिंबा. मी इतका वेळ विचार करत होतो की फोडणीचा पाव होईल का, मोहरी, हिंग, हिरवी मिरची, कांदा, पण मनुका आणि हिंग एकाच घासात माझ्या जिभेला नाही पटत.

तुपाळ
@बेकरवडी फोडणीच्या पावात वरून साखर पेरता ना तुम्ही पुणेकर? मग मनुकेनेच काय घोडं मारलं.

बेकरवडी
चिमूटभर!! ती चव "उचलायला" असते, गोड करायला नाही. ह्या विषयावर वेगळा धागा काढा, इथे रक्तपात नको.

परांजपेवाडा
अवांतर, पण कोणी सांगेल का, ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो? २०२५ मध्ये एप्रिलच्या विसाव्याला होता.

लंडनचा_पोपट
आपल्यासारखंच चंद्रावर आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणून बरेचदा हनुमान जयंतीच्या आगेमागे पडतो. मुंबईत एकाच आठवड्यात मारुतीचा प्रसाद आणि हॉट क्रॉस बन दोन्ही मिळू शकतात.

आणि एलिझाबेथ राणीच्या काळात, १५९२ला, लंडनच्या बाजारात असे मसालेदार बन एरवी विकायला बंदी घातली होती. फक्त अंत्यविधी, गुड फ्रायडे आणि ख्रिसमस. नियम मोडला तर माल जप्त करून गरिबांना वाटायचा. तेव्हा चैत्रपालवींच्या नवऱ्याला पाच पाकिटं मिळालीच नसती.

अनुजा_मेलबर्न
हा नियम आमच्या सुपरमार्केटला कोणीतरी कळवा.

बरं, मांसाहारी लोकांसाठी: चुरा सुकवून ठेवा आणि चिकन भाजताना आत भरायच्या सारणात साध्या ब्रेडऐवजी वापरा. कांदा, लसूण, लिंबाची साल, भरपूर मिरपूड. मनुका तिथे छान लागतात. आणि घाई असेल तर नुसता बन, आत जाड चेडरचा तुकडा, ग्रिलखाली. इंग्रज फ्रूट केकबरोबर चीज खातात त्यातलाच प्रकार.

चैत्रपालवी
केली दाबेली!!

रिपोर्ट: डाळिंब मिळालं नाही म्हणून काळी द्राक्षं चिरून घातली. शेंगदाणे घरीच तिखट-मीठ-चाट मसाला लावून भाजले. पहिली दोन घाईत मोठ्या आचेवर भाजली ती खालून काळी झाली, काकांनी सांगितलं होतंच. पुढची मस्त झाली. बाहेरून कुरकुरीत, लोणी आणि दालचिनीचा वास, मग लसणाची चटणी एकदम कानशिलात बसते आणि मधेच एखादी मनुका. मुलांनी दोन दोन खाल्ली. सासूबाई आधी "गोड पावात बटाटा?" म्हणून नाक मुरडत बसल्या होत्या, मग एक अर्धी घेतली, मग उरलेली अर्धी, आणि आता फोनवर माझ्या नणंदेला सांगतायत की "मी नवीन प्रकार शिकवला हिला".

लेस्टरकाका
सासूबाईंना माझा नमस्कार सांग. श्रेय त्यांनाच राहू दे.

कटिंगचहा
मला चहाच बरा पण हे वाचून भूक लागली हे मान्य.

चैत्रपालवी
दाबेली आणि लाडवांत मनुकावाले सगळे संपतील. आता एक पाकीट उरलं, चॉकलेटवालं. त्याचं काही सुचतंय का? फक्त दाबेली सुचवू नका, मुलगा तेच करायच्या तयारीत आहे.

मिसळराव
चॉकलेट दाबेली?? अरे कोणीतरी त्या पोराला आवरा.

वसईकर
चुरा करा, कढईत थोडं लोणी आणि दोन चमचे ब्राऊन शुगर घालून कुरकुरीत होईपर्यंत परता, पूर्ण गार होऊ द्या, आणि विकतच्या व्हॅनिला आइस्क्रीमला जरा नरम करून त्यात कालवून परत गोठवा. इंग्रज ब्राउन ब्रेडचं आइस्क्रीम असंच करतात. चुरा गार झाल्याशिवाय घालू नका, सगळं वितळेल.

तुपाळ
किंवा पाडव्याचं श्रीखंड उरलं असेल तर? काचेच्या वाट्यांत तळाला बनाचे तुकडे, त्यावर चमचाभर गार दूध शिंपडायचं म्हणजे भिजतील, वर श्रीखंड, परत बन, परत श्रीखंड. केशर-वेलचीचं नको, साधं घ्या. मनुकावाल्या बनांवर डब्यातला हापूसचा रस पण चालतो, चॉकलेटवर मला तो आवडत नाही.

चैत्रपालवी
श्रीखंड आहे अर्धा डबा! आइस्क्रीम गोठवायला जागा कुठाय, पुरणपोळ्या अजून तिथेच आहेत. तुपाळ, वाट्या आदल्या रात्री भरून ठेवल्या तर चालतील की बन अगदी लगदा होईल?

तुपाळ
आदल्या रात्री नको. खायच्या दोन तास आधी भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. श्रीखंड फार घट्ट असेल तर थोडं दूध घालून फेटून घ्या, नाहीतर चमचा घातला की सगळा थर एकदम वर येतो.